चार हजार एकशे सत्त्याऐंशी धागे

एका गावात एक खांब होता. दगडी, गोल, आणि इतका जाड की दोन माणसांनी दोन बाजूंनी कवेत घेतला तर बोटांना बोटं जेमतेम लागायची. तो कुणी उभारला, कशासाठी उभारला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गावकऱ्यांना तो उघडा बघवत नसे. म्हणून दर चैत्र पौर्णिमेला त्याला नवं वस्त्र नेसवायचं, असा रिवाज पडला होता.

ते वस्त्र काही साधं नव्हतं. गावात जितकी माणसं, तितके त्यात उभे धागे. प्रत्येकाने आपला एक धागा कातायचा, टोकाला आपल्या हाताची गाठ मारायची आणि विणकराच्या घरी नेऊन द्यायचा. पाटलाचा एकच धागा आणि पाटलाच्या गुराख्याचाही एकच. तान्ह्या बाळाचा धागा त्याची आई कातायची. आणि एकदा का तुमचा धागा खांबावर चढला, की तुम्ही या गावचे झालात. मग तुम्ही कुठून आलात, कुणाचे कोण, हे कुणी विचारायचं नाही.

विणायचे नियम मात्र कडक होते. सगळी नक्षी एकसारखी हवी. मोठं फूल आमचं आणि बारकं तुमचं, अशी भांडणं पूर्वी कधीतरी होऊन गेली असणार. एकही धागा नक्षीबाहेर राहता कामा नये, काठाला नको आणि मध्ये मोकळाही नको. शिवाय वस्त्राच्या दोन्ही कडा खांबाभोवती एकमेकींना भिडवून शिवल्या, की शिवण कुठे आहे ते ओळखू येता कामा नये. कडेला अर्धं फूल आलं तर शिवण लगेच डोळ्यांत भरणार, आणि शिवण दिसली की गावात फूट पडते, असं म्हणत.

म्हणजे असं बघा. गावात चार हजार दोनशे माणसं असली, तर बारा धाग्यांची कुयरी घ्यायची. बरोबर साडेतीनशे कुयऱ्या बसतात, धागा उरत नाही. आकडा बदलला की नक्षी बदलायची. त्यासाठी विणकराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक वही होती. दोन धाग्यांच्या ठिपक्यापासून चोवीस धाग्यांच्या मोरापर्यंत प्रत्येक मापाची एक नक्षी तिच्यात काढलेली होती. मोर शेवटचा. मोरापुढे पान नव्हतं.

तर त्या विणकराच्या घरात त्या साली नवी सून आली.

ती दूरच्या गावची. तिचे वडील कौलं शाकारायचे. सासरी आल्यावर पहिले चार दिवस शेजारणी तिला बघायला आल्या. नाव काय, पुरण येतं का, गाणं येतं का, असे तीन प्रश्न प्रत्येकीने विचारले. तिने नाव सांगितलं, पुरणाला मान डोलावली आणि गाण्याला नुसती हसली. चौथ्या दिवशी निकाल लागला. सून घुमी आहे.

ती घुमी नव्हती. ती बघत होती. सासूबाई रागावल्या की भांडी जोरात ठेवतात, पण फुटण्यासारखं भांडं असेल तेव्हा हळूच ठेवतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात बघून ठेवलं होतं. मामंजी, म्हणजे तिचे सासरे आणि गावचे विणकर, जेवताना बोटांनी पाटावर ठेका धरतात आणि ठेका चुकला की मीठ मागतात, हेही. आणि शेजारपाजारी सगळे तिचा उल्लेख 'ती कौलवाल्यांची' असाच करतात, हेही तिच्या ध्यानात आलं होतं. माहेरून निघताना आई म्हणाली होती, "आता तू तिकडची." आणि इथे आल्यावर कळलं, की खांबावर धागा चढेपर्यंत ती इकडचीही नाही.

म्हणून तिने आपला धागा फार मन लावून कातला. तीनदा कातला, दोनदा मोडला. गाठ मारली ती माहेरची, कौलांच्या गठ्ठ्याला मारतात तशी, ओढली की घट्ट होणारी.

पौर्णिमेला पंधरा दिवस उरले तेव्हा मोजणी झाली. गावच्या मोजणीदाराने धागे दोनदा मोजले आणि चौकात उभं राहून आकडा पुकारला.

"चार हजार एकशे सत्त्याऐंशी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विणकराने नाही वाजवल्या. तो तसाच घरी आला, वही काढून बसला आणि जेवायला उठला तो तोंड पाडूनच.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आकडा वाईट आलाय. कशानेच जात नाही." मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "कुयरी लावून बघितली, कमळ लावून बघितलं, मोर लावून बघितला. काही ना काही उरतंच."

"किती उरतं?"

"तेच तर! दोनाला एक उरतो. साताला एक उरतो. तेराला एक, चौदाला एक, तेवीसलाही एकच. एक धागा, बघ, एकच धागा आडवा येतोय. चार हजार एकशे शहाऐंशी असता तर काय सुरेख आकडा होता! हवी ती नक्षी मागावी आणि त्याने द्यावी. पण हा? हट्टी आहे हा आकडा. आडमुठा."

सून दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. जेवणाऱ्या माणसाच्या हातात तांब्या केव्हा द्यायचा, हे तिला अजून नीट जमलेलं नव्हतं. बोलणं मध्येच तोडल्यासारखं होईल, म्हणून ती थांबली.

"मग पूर्वी काय करायचे?" तिच्या नवऱ्याने विचारलं. "असा आकडा काय पहिल्यांदाच आलाय?"

मामंजींनी इकडेतिकडे बघितलं. "पूर्वी काय. गाळायचे एखादा."

"गाळायचे?"

"हळू बोल. चार हजारांत एक धागा कोण शोधायला जातंय? नक्षी पुरी दिसते, शिवण लपते, गाव खूश. माझ्या बापाने केलंय, त्याच्या बापानेही केलं असेल." त्यांनी हातातला तुकडा पानात ठेवला. "पण बाहेरच्या कुणाचा गाळला आणि उद्या ते फुटलं, तर दारात येऊन बसेल. घरातलाच गाळलेला बरा. सूनबाईचा काढू. नवीनच आहे. पुढच्या वर्षी घालू की तिचा."

दाराआड सुनेने तांब्या दुसऱ्या हातात घेतला. पानात कमी वाढलं गेलं तर 'पोट भरलं' म्हणणाऱ्यांपैकी ती होती. आताही ती काही म्हणाली नसती. आत जाऊन तिने भांडी घासली असती, आणि वर्षभर 'ती कौलवाल्यांची' हे ऐकून घेतलं असतं.

पण सासूबाई बोलल्या. आवाज न चढवता.

"तिचा नको. माझा काढा."

"तुझा? तुझा कशाला?"

"मला सवय आहे."

मामंजींचा ठेका थांबला. "म्हणजे?"

"मी या घरात आले त्या वर्षी आकडा असाच आला होता. तेव्हा तुमच्या वडलांनी माझा काढला होता. आषाढात उंदीर शोधताना कणगीमागे सापडला मला. माझी गाठ मी ओळखते हो. माझ्या आईने शिकवली होती."

"चाळीस वर्षं झाली," मामंजी पुटपुटले. "कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं?" सासूबाईंनी त्यांच्या पानात आमटी वाढली. "आणि बोलून काय, वस्त्र उसवणार होतात? वर्षभर सगळ्या बायका खांबाला हात लावायच्या, मीही लावायचे. आपण यात नाही, हे मला एकटीला ठाऊक. एक वर्षच गेलं तसं. आता या वयात आणखी एक गेलं तर काही बिघडत नाही. पण पोरीचं पहिलंच वर्ष आहे."

तेव्हा सून दारातून पुढे आली. तांब्या तिने पाटाशी ठेवला.

"मामंजी."

मामंजींनी वर बघितलं. हा आवाज या घरात त्यांनी ऐकलाच नव्हता.

"तो आकडा मला दोन दिवस द्याल का?"

एखादं पातेलं मागावं तशी तिने मागणी केली. नवऱ्याला ठसका लागला.

"आकडा? घे की," मामंजी म्हणाले. "पण करणार काय त्याचं? मी सगळं करून बघितलंय."

"कुठपर्यंत?"

"चोवीसपर्यंत."

"पुढे?"

"पुढे काय? पुढे वहीत पानच नाही."

"वही चोवीसला संपते," ती खाली बघत म्हणाली, "पण ते आकड्याला कुठे ठाऊक आहे?"

सासूबाईंनी पदराने ओठ पुसले, पण पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"दोन दिवस," मामंजी म्हणाले. "परवा दुपारी मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावायला घ्यावा लागेल. तोवर नाही सापडलं तर एक धागा निघणार. कुणाचा, ते तुम्ही दोघी ठरवा."

आता नव्या सुनेला सलग विचार करायला वेळ कोण देतो? सकाळी सडा, मग दळण, मग पाणी, मग सुनेला बघायला राहिलेल्या दोन शेजारणी. तिने हिशेब कामात मिसळला. जात्याच्या एका फेऱ्याला एक पाढा. ओठ हलत, आवाज येत नसे. सासूबाईंनी ते दुरून बघितलं आणि शेजारणीला अभिमानाने सांगितलं, "जप करते हो. भाविक आहे."

दुपारी नवरा ओट्यावर येऊन तिच्याजवळ बसला. ती घेवडा निवडत होती. त्यानेही चार शेंगा हातात घेतल्या.

"कुठवर आलीस?"

"एकोणतीसला अकरा उरले."

"आणि सव्वीसला?"

"सव्वीस बघितलंच नाही."

"का? सोडून दिलंस?"

"सव्वीस-सव्वीसचे गठ्ठे पडले असते," ती म्हणाली, "तर प्रत्येक गठ्ठा मधून मोडून तेरा-तेराचे पडलेच असते. पण तेराला मामंजींचा एक उरला. म्हणजे सव्वीस आपोआप गेला. पंचवीसचं तेच, पाचाने जात नाही तर पंचवीसने कुठून जाणार? सत्तावीसच्या पोटात तीन आहेत, अठ्ठावीसच्या पोटात सात. ते सगळे तपासून झालेत."

नवऱ्याने शेंग तशीच हातात धरली. "म्हणजे ज्यांच्या पोटात कुणीच नाही, तेवढेच बघायचे."

"हं."

"पण कुठवर बघणार? आकडा चार हजारांच्या वर आहे, सूनबाई." तो तिला चिडवायला सूनबाई म्हणे. "हजारापर्यंत जायचं तर दोन वर्षं लागतील, दोन दिवस नाही."

"चौसष्टपर्यंत."

"हे कुणी ठरवलं?"

तिने शेंगा सुपात सरळ रेषेत मांडल्या. "हे छप्पर समजा. ओळी किती आणि एका ओळीत कौलं किती, असे दोन आकडे असतात. ओळी थोड्या असल्या तर ओळ लांब होते, ओळी पुष्कळ असल्या तर आखूड. पासष्ट ओळी आणि ओळीत पासष्ट कौलं धरली तर होतात चार हजार दोनशे पंचवीस. म्हणजे आपल्याकडे आहेत त्याहून जास्त. तेव्हा दोन्ही आकडे काही पासष्टचे किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत. जो धाकटा, तो चौसष्टच्या आतच सापडणार. धाकटा सापडला की थोरला आपोआप हाती लागतो."

"आणि धाकटा चौसष्टच्या आत नसलाच तर?"

तिने मनात मोजून ठेवलं होतं. चोवीसच्या पुढे आणि चौसष्टच्या आत, पोटात कुणी नसलेले आकडे फक्त नऊ होते. त्यांतला एक संपला होता. आठ दारं उरली होती, आणि आठही बंद निघाली तर त्या घरातली एक बाई वर्षभर गावात नसणार होती.

"एखाद वेळेस सगळीच बंद निघतील," नवरा हळूच म्हणाला. "मग माझा धागा काढू. मला कुणी सून म्हणून बघायला येत नाही. चालेल मला."

तिने मान वर करून त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग म्हणाली, "शेंगा शिरा काढून टाका. तशाच नका टाकू."

संध्याकाळपर्यंत एकतीस झाला, दोन उरले. सदतीसला सहा उरले. एकेचाळीसला पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरताना त्रेचाळीस घेतला, सोळा उरले. अर्ध्या वाटेत तिला वाटलं आपण चुकलो, म्हणून घागर खाली ठेवून पुन्हा केला. सोळाच उरले. सत्तेचाळीसला चार. प्रत्येक वेळी काहीतरी उरत होतं आणि उरलेलं बघून तिला मामंजींचा शब्द आठवे, आडमुठा. पण तिला त्या आकड्याचा राग येईना. त्याला आल्यागेल्याने तीन-चार प्रश्न विचारले होते, तेही सगळ्यांनी तेच तेच, आणि तो हट्टी आहे म्हणून सांगत सुटले होते. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही.

दुपारी भाकरी थापताना तिने त्रेपन्न घेतला.

त्रेपन्नचा पाढा कुणाला येतो? तिने आडवाट धरली. त्रेपन्न गुणिले ऐंशी. त्रेपन्न आठे चारशे चोवीस, त्यावर शून्य, चार हजार दोनशे चाळीस. जास्त झाले. एक त्रेपन्न मागे घ्यायचा. चार हजार दोनशे चाळिसातून त्रेपन्न गेले...

तिचा हात भाकरीवरच थांबला. तिने पुन्हा वजाबाकी केली. मग तिसऱ्यांदा केली, उलट बाजूने.

"अगं भाकरी! भाकरी करपली!" सासूबाई माजघरातून धावत आल्या. "लक्ष कुठे आहे तुझं?"

"एकोणऐंशी," सून म्हणाली.

"काय एकोणऐंशी?"

"त्रेपन्नचे एकोणऐंशी गठ्ठे, आत्याबाई. काहीच उरत नाही."

सासूबाईंनी आधी तव्यावरची भाकरी काढली, कारण ती जळत होती. मग त्या पाट ओढून तिच्यासमोर बसल्या.

मामंजींचा विश्वास बसला नाही. "त्रेपन्न? हा काय आकडा आहे? त्रेपन्नचं असतं तरी काय?" ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी ताणा लावायच्या खोलीत धागे आणले आणि चौघं गठ्ठे बांधायला बसली. एका गठ्ठ्यात त्रेपन्न. साठ गठ्ठे झाले, सत्तर झाले, अठ्ठ्याहत्तर झाले. उरलेले धागे मामंजींनी स्वतःच्या हातात घेतले आणि मोठ्याने मोजायला लागले. चाळीसच्या पुढे त्यांचा आवाज बारीक झाला.

"एक्कावन्न. बावन्न." त्यांनी मूठ उघडली. एक धागा होता. "त्रेपन्न."

जमिनीवर काही उरलं नव्हतं. त्यांनी सतरंजी उचलूनही बघितली.

पण माणसाला सुटकेचा आनंद पचायला वेळ लागतो. मामंजी पुन्हा गंभीर झाले. "हे झालं. पण त्रेपन्न धाग्यांची नक्षी कुठून आणू? वहीत नाही."

"पुन्हा वही!" सासूबाई म्हणाल्या. "ती कुणीतरी काढलीच ना बसून? का झाडाला आली होती?"

"सोपं नसतं ते. माझ्या सात पिढ्यांत कुणी—"

"मामंजी," सून म्हणाली, "तेरा धाग्यांची कमळाची पाकळी वहीत आहे. मी बघितली. फार सुंदर आहे. अशा चार पाकळ्या घेतल्या तर बावन्न होतात. एक धागा उरतो."

"उरतो! परत एक उरतो!"

"तो मध्ये घ्या ना. देठ म्हणून. दोन पाकळ्या इकडे, दोन तिकडे."

मामंजींनी खडू घेतला. जमिनीवर एक उभी रेघ ओढली. तिच्या डावीकडे एक पाकळी, मग दुसरी, तिच्याहून कललेली. उजवीकडे तशाच दोन. ते मागे सरकले, मान तिरकी केली, पुन्हा पुढे झाले आणि एका पाकळीचं टोक पुसून जरा वर घेतलं. त्यांचा ठेका परत सुरू झाला होता, आता जमिनीवर. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी काढलेली फुलं विणली होती. हे पहिलं त्यांचं स्वतःचं.

"पण एक भानगड आहे," नवरा म्हणाला. "देठाचा मान कुणाला? एकोणऐंशी देठ आणि चार हजार माणसं. मारामाऱ्या होतील."

"डोळे मिटून ओवा," सासूबाई म्हणाल्या. "ज्याचा येईल त्याचा येईल. आणि विचारलं कुणी तर सांगा, सूनबाईने जप करून ठरवलं."

पौर्णिमेला वस्त्र खांबावर चढलं. कडा भिडवून शिवून झाल्यावर गावातला एक म्हातारा, जो दर वर्षी शिवण शोधायचा आणि दर वर्षी सापडली म्हणून बढाई मारायचा, तो पाकळ्यांवर बोट ठेवून खांबाभोवती फिरायला लागला. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला त्याला चक्कर आली आणि लोकांनी त्याला धरून खाली बसवलं. शिवण काही सापडली नाही.

बायका खांबाला हात लावायला पुढे झाल्या. सासूबाईंनी हात लावला. सुनेनेही लावला. आपला धागा कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं आणि शोधावासाही वाटला नाही. मागून कुणीतरी विचारलं, "ही कोण गं पुढे उभी?" आणि दुसरी म्हणाली, "आपल्या विणकरांची सून."

घरी परतताना मामंजी बायकोच्या बरोबरीने चालत होते. एरवी ते चार पावलं पुढे असत. चालता चालता ते म्हणाले, "तो तुझा जुना धागा ठेवला आहेस का? यंदा नाही, पण..."

"नाही. उंदरांनी नेला." सासूबाई म्हणाल्या. "राहू द्या. गेलेलं वर्ष परत मोजता येत नाही. यंदाचं मोजलंत, तेवढं पुरे."

पुढच्या वर्षी गावात चौदा धागे वाढले. त्यांतला एक विणकराच्या घरातल्या पाळण्याचा होता. मोजणीदाराने पुकारलं, "चार हजार दोनशे एक!"

या वेळी मामंजींनी कुणाला हाक मारली नाही. खडू घेऊन ते एकटेच बसले, दोनापासून निघाले आणि दारं ठोठावत एकसष्टपर्यंत गेले. दोन दिवसांनी बाहेर आले, तर अंगभर खडू लागलेला.

"सूनबाई, जरा तपास. कशानेच जात नाही. या वेळी खरंच नाही."

सुनेने बाळाला थोपटत थोपटत सगळे आकडे तपासले. मामंजींचं बरोबर होतं. या आकड्याच्या पोटात कुणीच नव्हतं. तो कुठल्याच सारख्या वाट्यांत वाटला जाणारा नव्हता.

सासूबाईंनी हातातलं भांडं अगदी हळू खाली ठेवलं. "मग? आता कुणाचा काढणार?"

"काढायचा कशाला?" मामंजी म्हणाले. "वाटला जात नाही, तर वाटायचा नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच नक्षी विणू. मी नदी काढतोय. खांबाभोवती फिरून स्वतःलाच येऊन मिळेल अशी. सगळ्यांचे धागे त्या एका नदीत."

आणि ते आत वळले, कारण काम फार मोठं होतं आणि पौर्णिमेला तेराच दिवस उरले होते.

तात्पर्य: हिशेब जुळत नाही म्हणून माणूस वजा करू नये. आपला हिशेब जिथे थांबला, तिथून तो आणखी थोडा पुढे न्यावा.